भुलीतलं बोलणं

राजलक्ष्मीबाईंचं पोट वाढायला लागलं तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. सोवळ्या विधवेचं पोट वाढलं की लोक काय बोलतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण जन्मभर तसं बोलणाऱ्यांत त्या स्वतःच पुढे असत. पहिलं वर्ष त्यांनी ते लाल आलवणाच्या पदराखाली झाकलं. मग झाकेना. एके दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर एका बाईनं दुसरीला हिंदीत, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं की पंडिताइन या वयात कसली तयारी करताहेत. पायरीवरच्या सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंनी त्या दिवसापासून देवळात जाणं सोडलं.

घर त्यांच्या मुलाचं, भालचंद्राचं. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात डॉक्टर पुराणिकांकडे म्हटलं की तांगेवाला आणखी काही न विचारता पाटणकर बाजारात आणून सोडत असे. बाई तिथं राहत होत्या त्या हौसेनं नव्हे. त्यांचे यजमान पुराणिकबुवा एका सरदारांकडे पुराण सांगत. बुवा गेले, सरदारांनी दिलेली जागा गेली, म्हणून त्या इथं आल्या. मागच्या खोलीत त्यांनी वेगळी चूल मांडली. मुलानं शिवलेलं पाणी त्या पीत नसत. भालचंद्र आग्र्याला डॉक्टरी शिकला, तिथं त्यानं प्रेतं फाडली, त्याचा हा विटाळ त्यांनी वीस वर्षं पाळला होता. बुवांचे दिवस त्यांनी पोटच्या मुलाला करू दिले नव्हते. दिराचा मुलगा लक्ष्मीकांत याला बसवलं होतं. भालचंद्र तेव्हा लोकांच्या मागं खांबाला टेकून उभा होता आणि एक शब्दही बोलला नव्हता. बाईंना वाटलं होतं, बोलला नाही म्हणजे त्याला पटलं.

त्यांचा थोरला मुलगा मधुसूदन. गोरा, गोड गळ्याचा, बुवांच्या शेजारी बसून पुराणाचे श्लोक म्हणणारा. प्लेगच्या सालात विसाव्या वर्षी तो गेला. भालचंद्र तेव्हा चौदाचा होता. त्यालाही गाठ आली होती, पण तो वाचला. या घरात मधुसूदनाचं नाव फारसं निघत नसे.

जिना चढताना बाई दम लागून खाली बसल्या, तेव्हा गोष्ट उघड झाली. मुलाला त्या हात लावू देणार नव्हत्याच. म्हणून भालचंद्रानं मुरारच्या बायकांच्या इस्पितळातून डॉक्टर शरयू आगाशे यांना बोलावून आणलं. चाळिशीच्या, दिल्लीला शिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पोट तपासलं आणि सांगितलं की बीजकोशात पाण्याची गाठ आहे, चांगली मोठी. मग सुई घालून पाणी काढलं. बादली भरत आली. बाईंना कितीतरी दिवसांनी पाठीवर निजता आलं. पण दिवाळीपर्यंत पोट पुन्हा होतं तिथं आलं, उलट थोडं वरच सरकलं. आता त्यांना पाटावर बसून जेवता येईना, देवापुढं वाकता येईना, आणि रात्री भिंतीला टेकून बसल्याबसल्या डुलक्या घ्याव्या लागत.

गाठ काढून टाकता येते, हे त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. भालचंद्रानं मात्र त्याला साफ नकार दिला. तो त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलत असे. सुई घालून दर चार-सहा महिन्यांनी पाणी काढू, पण पोट उघडायचं नाही, असं त्यानं सांगितलं. त्यांची नाडी मधेच अडखळते, छाती कमजोर आहे, या वयात भूल सोसेलच असं नाही, आणि सोसली तरी पुढचे पंधरा दिवस त्याहून वाईट. हे सगळं तो एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं सांगत होता.

"मी पाहिलेल्या तुझ्या वयाच्या बायकांत निम्म्या घरी परत आल्या नाहीत," तो म्हणाला.

हे सांगण्यात त्याला एक गोडी आहे, असं बाईंना त्याच्या आवाजावरून वाटलं. ती खरोखर होती की त्यांनी आपल्या मनची घातली, कोण सांगणार. पण त्यांनी ती ऐकली आणि धरून ठेवली.

शेजारी जयसिंहराव म्हणून पलटणीतले एक पेन्शनर राहत. त्यांची आई विजयाबाई बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचं आतडं अंतर्गळात अडकलं तेव्हा याच भालचंद्रानं तिला उचलून तांग्यात घातलं होतं आणि त्याच दुपारी तिचं पोट फाडवून घेतलं होतं. आता ती गच्चीवर पापड वाळत घालत असे आणि बाईंना खिडकीतून दिसत असे. बाई रोज बघत. एक दिवस त्यांनी भालचंद्राला जिन्यातच गाठलं आणि शेजारच्याची आई कापायला चालते, आपली का नाही, असं विचारलं. तो म्हणाला की विजयाबाईंना त्या दिवशी कापलं नसतं तर दुसऱ्या दिवशी खांद्यावर न्यावं लागलं असतं, तिथं विचार करायला जागाच नव्हती. तुझं तसं नाही, तुला वेळ आहे.

"वेळ आहे म्हणजे कुजायला वेळ आहे," बाई म्हणाल्या. "बापाच्या दिवसांना बसवलं नाही, त्याचं उट्टं काढतोयस तू."

"ते आठवतंय होय तुला," एवढंच म्हणून भालचंद्र दवाखान्यात उतरला.

सून पद्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती या दोघांच्या मधे कधी पडत नसे. पंधरा वर्षांत तिनं सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं आणि सासूविषयी नवऱ्यापाशी चांगला शब्दही काढला नव्हता. त्या दिवशीही ती तशीच आत गेली.

बाईंनी मग लक्ष्मीकांताला बोलावणं पाठवलं. तो टोपी बाजारामागं दोन खोल्यांत राहत असे, चार घरची पूजा करत असे आणि काकूंना भीत असे. काकू म्हणाल्या, मला मुरारला घेऊन चल. त्यानं तांगा आणला. भालचंद्र व्हिजिटला गेला होता. पद्मानं सासूला जिन्यावरून उतरताना पाहिलं आणि तिला अडवलं नाही.

डॉक्टर शरयूंनी त्यांना बसवून घेतलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, पाय दाबून पाहिले, चार पावलं चालवून पाहिलं. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"राजलक्ष्मीबाई, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "टेबलावर तुम्ही जाल अशी भीती मला थोडी आहे. त्यानंतरची जास्त आहे. तुमच्या वयात छातीत कफ धरतो आणि न्यूमोनिया होतो. पायात रक्त साकळतं आणि माणूस चांगलं बोलताबोलता जातं. कधी डोकं फिरतं. ते बहुधा ठिकाणावर येतं, पण येईलच असं मी लिहून देणार नाही. तुमचा मुलगा सांगतो ते चूक नाही."

"आणि नाही कापलं तर?"

"गाठ वर चढेल. श्वास कोंडेल. वर्ष, फार तर दीड वर्ष. सुईनं पाणी काढत राहिलं तरी त्यातही पू होण्याचा धोका आहेच."

बाईंनी विचारलं, तुमची आई असती तर काय केलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिलाच विचारलं असतं.

हे उत्तर बाईंना आवडलं. इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, कापा.

घरच्या पुरुषाचा होकार लागत होता. तो लक्ष्मीकांतानं दिला. देताना त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुन्हापुन्हा म्हणत होता, "काकू, एक बार दादा से पूछ लेते ना, निदान निरोप तरी धाडू या." काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा त्यानं उपरण्यानं घाम पुसला.

निरोप डॉक्टरीणबाईंनीच धाडला, आणि त्याला कारण होतं. इस्पितळात भूल द्यायचं काम एक कंपाउंडर करत असे. बाळंतिणींना ठीक, पण असल्या नाडीच्या म्हातारीला त्याच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या. इथर थेंबाथेंबानं, श्वास ऐकत द्यावं लागतं. जास्त झालं तर हृदय थांबतं, कमी झालं तर माणूस टाके घालताना उठतं. ग्वाल्हेरात या कामाला त्यांना एकच हात चालत होता, आणि तो भालचंद्राचा.

हे ऐकून बाई खाटेवर ताठ बसल्या. ज्याला मी उठायला नको आहे त्याच्या हातानं मी निजू, असं त्यांनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "बोलवा त्याला. मी उठले नाही तर सगळ्या लष्करात त्याचं नाव निघेल. तेवढ्यासाठी तरी उठवील."

भालचंद्र संध्याकाळी आला. आधी तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं, तरी त्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. ऑपरेशनशिवाय ही बाई दीड वर्ष जगली असती, ते दीड वर्ष तुम्ही कुणाला विचारून पणाला लावता, असं तो म्हणत होता. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की त्यांनाच विचारून. मग तो बाहेर आला. व्हरांड्यात लक्ष्मीकांत उभा होता.

"वडिलांचं केलंस," भालचंद्र त्याला म्हणाला, "आता आईचंही तूच कर. मी फक्त भूल द्यायला आलोय. त्या कंपाउंडरला मी कुत्र्यालाही भूल देऊ देणार नाही."

बाईंनी ते खाटेवरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टेबलावर निजवलं, म्हणजे उशांच्या चळतीला टेकवून बसतं केलं, तेव्हा तो त्यांच्या डोक्याशी आला. त्याच्या अंगाला साबणाचा आणि औषधाचा वास होता. त्यानं त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि बोटानं एकेक दात हलवून पाहिला. खालच्या बाजूचा एक दात हलत होता. भुलीत तो सुटून घशात गेला असता. त्यानं चिमटा घेतला आणि तो काढला. आधी सांगितलं नाही, नंतर विचारलं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी आवाज केला नाही. त्याच्यासमोर तर नाहीच. वीस वर्षांत त्यानं त्यांना पहिल्यांदा हात लावला होता, तो हा.

मग नाकातोंडावर फडक्याची जाळी आली. गोडसर, डोक्यात चढणारा वास आला. "मोठे श्वास घे. आकडे मोजत राहा," त्यानं सांगितलं. बाईंनी आकडे मोजले नाहीत. बुवा रोज संध्येला म्हणत ती देवाची चोवीस नावं त्यांनी सुरू केली. केशवाय नमः, नारायणाय नमः. सहाव्या नावाला त्या मधुसूदनावर आल्या आणि पुढचं नाव त्यांना सापडेना. त्या तेच पुन्हा म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या कानाशी भालचंद्राचा श्वास चालला होता, तोही मग दूर गेला.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं आणि पोट नव्हतं. त्यांनी हात खाली नेला. पट्ट्याखाली सगळं सपाट होतं, दुखत होतं, पण सपाट. कितीतरी वेळ त्या हात तिथून काढीनात. मग लक्षात आलं की दोन्ही मनगटांवर लाल वळ आहेत. उजवीकडचा तर सुजला होता.

नर्स आली. तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "अम्माजी, अब पहचान रही हो?" बाईंनी विचारलं, ऑपरेशन आज झालं की काल. नर्स म्हणाली, आठवडा होऊन गेला.

बाईंना तो आठवडा कुठंच सापडेना. शोधलं तर जाळीचा वास आणि त्यापुढं थेट हे ऊन. नर्सनं सांगितलं की गाठ सबंध निघाली, ऑपरेशन सुरेख झालं, डॉक्टरांनी थेंबभरही चुकू दिलं नाही. दुसऱ्या रात्रीपासून मात्र अम्माजींना ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली आणि डोकं फिरलं. खाटेवरून उड्या मारायला लागल्या, टाके ओढायला लागल्या, म्हणून हात बांधावे लागले. भालचंद्र तीन दिवस हलला नव्हता. त्यांना उठवून बसवणं, पाठीवर थापट्या मारून कफ पाडणं, कूस बदलणं, सगळं तोच करत होता. चौथ्या दिवशी उठून गेला, तो परत आला नाही. रोज माणूस पाठवून चौकशी तेवढी करत होता.

"का गेला?" बाईंनी विचारलं.

नर्सनं चादर नीट केली आणि म्हणाली की थक गये होंगे.

लक्ष्मीकांताला विचारलं तर तो बाहेरच्या झाडाकडे बघू लागला. तो त्या दिवशी खोलीत होता हे बाईंनी त्याच्याकडून काढून घेतलं, पण पुढचं काही निघेना. "काकू, वो तो इथर का नशा था. माणूस काहीही बोलतं. छोड़िए ना," एवढंच तो म्हणे. म्हणजे आपण काही बोललो होतो. काय, ते मात्र कुणी सांगेना. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, अशा वेळचं बोलणं आम्ही कानांत ठेवत नाही.

बाईंना भीती वाटायला लागली. पोट उघडताना वाटली नव्हती अशी. त्यांनी आपल्या मनात काय काय पडलं आहे ते आठवून पाहिलं, आणि त्यात एक गोष्ट अशी होती की ती त्यांनी देवाखेरीज कुणापाशी काढली नव्हती. ती नसावी, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

महिन्याभरानं त्या घरी आल्या. भालचंद्र खाली दवाखान्याच्या दारात उभा होता. त्यांना जिना चढायला लागू नये म्हणून त्यानं खालची खोली रिकामी करून घेतली होती. खाट, टेकायला तक्क्या, हाताशी घंटा, सगळं होतं. तो पुढं झाला आणि म्हणाला, "सावकाश उतरा. डावा पाय आधी टाका."

बाई तांग्याच्या पायरीवरच थांबल्या. मुलानं त्यांना जन्मात अहोजाहो केलं नव्हतं. आग्र्याहून परतल्यावर त्यांनी त्याचं ताट विटाळ म्हणून पडवीत मांडलं तेव्हाही नाही.

त्यानंतर तो रोज सकाळी येई, नाडी बघे, जखम बघे, आणि जाई. झोप लागली का तुम्हांला. शौचाला झालं का. पाय सुजलेत का. त्याच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आठ दिवस बाईंनी ते सोसलं. नवव्या दिवशी पद्मा अंथरूण झटकायला आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि मी त्या वेळी काय बोलले ते सांग, म्हणाल्या.

पद्मानं हात सोडवून घेतला. चादरीचं टोक गादीखाली खोचलं. "मी तिथं नव्हते. यांनी मला एकदाच सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हांला ऐकायचंच आहे ना?"

बाईंनी मान हलवली.

"तुम्ही यांना ओळखलं होतं. नावानं हाक मारलीत. म्हणालात, तुम्हा दोघांना गाठी आल्या होत्या तेव्हा मी देवापाशी एकालाच मागितलं होतं. मधूला. म्हटलं होतं, धाकट्याला ने आणि हा दे. देवानं उलटं केलं." पद्मानं उशी उचलली, थोपटली, जागेवर ठेवली. "आणि हे एकदा नाही. यांनी हात धरून ठेवले होते तुमचे, तेवढा सगळा वेळ तेच."

ती गेली. बाई भिंतीकडे बघत बसल्या. प्लेगच्या वेळी लोक गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहायला गेले होते. त्या झोपडीत दोन्ही पोरं शेजारीशेजारी निजलेली, आणि त्या मधे बसलेल्या. तेव्हा त्यांनी खरंच हे मागितलं होतं. थोरल्यावर घर उभं होतं, बुवांची गादी चालणार होती. धाकटा तापात आई म्हणून त्यांचा पदर ओढत होता आणि त्यांनी तो सोडवून घेऊन थोरल्याच्या कपाळावर पट्टी ठेवली होती. मग थोरला गेला. धाकट्याचा ताप उतरला आणि त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा ते देताना त्यांचा हात जड झाला होता. पुढं तो आग्र्याहून आला, आणि त्याला लांब ठेवायला त्यांना एक कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी भालचंद्र नाडी बघायला आला. त्याचं बघून होईपर्यंत त्या थांबल्या.

"मी शुद्धीत नव्हते," त्या म्हणाल्या.

"शुद्धीत नव्हतात, म्हणूनच ऐकायला मिळालं."

खोटं आहे म्हणावं, असं त्यांच्या तोंडाशी आलं होतं. इथरवर, तापावर, वयावर ढकलता आलं असतं. सगळं जग तेच म्हणायला तयार होतं. पण समोरच्या माणसाला भूल म्हणजे काय आणि तिच्यात काय सुटतं हे त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "मिळालं नाही. त्याचा राग तुझ्यावर काढला. आणखी काय सांगू तुला?"

भालचंद्र पोटावरचा पट्टा तपासत होता. त्याची बोटं थांबली नाहीत.

"काही नको. पट्टा सैल सोडू नका एवढं पाहा. खोकताना पोटाला हात लावा."

"मला मरू द्यायचं होतंस मग," त्या चिडून म्हणाल्या. "जाळीवर चार थेंब जास्त टाकायचे होतेस. कुणाला कळलं नसतं."

तो उभा राहिला. पहिल्यांदाच त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते मला त्या टेबलाशीही सुचलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही मधूदादाचं नाव घेत होतात तेव्हा. असं काही सुचेल म्हणूनच मी तुम्हांला नको म्हणत होतो. तुमची छाती कमजोर आहे हे खरं, वय झालं हेही खरं. पण भूल मलाच द्यावी लागेल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

एवढं बोलून तो हात धुवायला गेला. बाईंना आतल्या नळाचं पाणी बराच वेळ वाहताना ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी लक्ष्मीकांताला बोलावलं आणि आपलं सामान टोपी बाजारामागच्या त्याच्या बिऱ्हाडी हलवायला सांगितलं. भालचंद्रानं थांबवलं नाही. पद्मानं भांडी पुसून बांधून दिली, एकही वाटी मागं राहू दिली नाही.

बाईंचं पोट पुन्हा कधी वाढलं नाही. त्या स्वतः वाकून देव पुसत, पाटावर बसून जेवत, चालत देवळापर्यंत जात. पायऱ्यांवरच्या बायका आता त्यांना जागा करून देत आणि ऑपरेशनचं विचारत. विजयाबाई तर म्हणत, असा मुलगा नशिबानं मिळतो, मरणाच्या दारातून आईला ओढून आणलं त्यानं. बाई देवाला नमस्कार करून पायऱ्या उतरत. लष्करातल्या कितीतरी मुलांनी मग आपापल्या म्हाताऱ्या आयांना भालचंद्राकडे आणलं. तो प्रत्येकाला आधी धोके सांगे, सगळे, एकही न वगळता. डोकं फिरेल तेही सांगे. तुमच्या आई तर खडखडीत बऱ्या झाल्या ना, असं कुणी म्हटलं तर तो म्हणे, बऱ्या झाल्या.

महिन्यातून एकदा तो टोपी बाजारात येई. लक्ष्मीकांत त्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जाई. भालचंद्र स्टुलावर बसे, घड्याळ काढे आणि आईच्या मनगटावर तीन बोटं ठेवी. एका खेपेला बाईंनी दुसऱ्या हातानं ती बोटं धरली. त्यांना काही म्हणायचं होतं असं नव्हे, धरली, एवढंच. त्यानं हात ओढून घेतला नाही. घाबरलेला रोगी हात सोडत नाही तेव्हा तो जसा थांबे, तसाच थांबला, घड्याळाकडे बघत.

मग बाईंनीच सोडली. नाडी ठीक आहे, जिना मात्र दिवसातून एकदाच चढा, असं त्यानं सांगितलं आणि पेटी उचलली. तांगा खाली उभा होता. त्याला अजून दोन घरं करायची होती.